हम कुणाचा

हम, म्हणजे स्पीकरमधून येणारी विजेची गुणगुण, ऐकू यायला आधी शांतता लागते. म्हणून तो बहुतेक घरांत असतो आणि फार थोड्या घरांत ऐकू येतो.

दिवसभर पंखा, रस्ता, कुकर, शेजारचा टीव्ही यांच्याखाली तो दबून असतो. रात्री घर निजलं, अ‍ॅम्प्लिफायर लावला, विलंबित ख्यालाच्या आधीचा तंबोरा सुरू झाला, की त्या तंबोऱ्याखाली आणखी काहीतरी चालू आहे हे कळतं. द्रुत तराण्यात त्याची तक्रार कुणी करत नाही. तो बोचतो ते गवयाने काही न गाता मोकळ्या सोडलेल्या जागी.

गवयाने ती जागा ठेवली, मुद्रण करणाऱ्याने ती जपली. ती आपल्या घरातल्या वायरिंगने भरून जावी हे मला मान्य नाही.

०

हमला सूर असतो.

आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. हा ५० हर्ट्‌झ पेटीवर शोधायचा झाला तर पांढरी पाच आणि काळी चार यांच्या मध्ये पडतो, पांढरी पाचच्या जास्त जवळ, पण पेटी जिथवर उतरत नाही अशा सप्तकात. पुष्कळदा कानावर येतो तो त्याच्या दुपटीचा, १०० हर्ट्‌झचा. सूर तोच, एक सप्तक वर. छोट्या स्पीकरला ५० झेपत नाही, १०० झेपतो. म्हणून छोट्या स्पीकरवाल्यांना हम कमी वाटतो आणि मोठे स्पीकर घरी आले की त्याच घरात तो अचानक वाढल्यासारखा होतो.

आता पांढरी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा तंबोरा घ्या. खर्जाची तार साधारण ९८ हर्ट्‌झवर. स्पीकरमधून त्याच वेळी १००. दोन सूर इतके जवळ आले की ते वेगळे ऐकू येत नाहीत, त्यांचा सेकंदाला दोन असा हेलकावा ऐकू येतो. काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांच्या तंबोऱ्यात पंचमाची तार १०४ च्या आसपास असते. तिथे सेकंदाला चार हेलकावे. म्हणजे आपल्या संगीतात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पट्ट्यांच्या अगदी अंगाला लागून हा सूर उभा आहे. पियानोच्या मैफलीत तो नुसता मागे राहतो. आपल्याकडे तो तंबोऱ्यात शिरतो.

ज्या तंबोऱ्याच्या जव्हारीसाठी कुणीतरी सुताचा धागा केसभर मागेपुढे करत बसलं होतं, त्याला आपण घरी बसून एक पाचवी तार चढवतो, आणि ती कधीच जुळत नाही.

०

हा सूर कुणा एका घराचा नाही. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाच्या जाळ्याला मिळालं. तेव्हापासून उत्तर, पूर्व, ईशान्य, पश्चिम आणि दक्षिण ही पाचही क्षेत्रं एकाच लयीत चालतात. चेन्नईतल्या घरात आणि नागपुरातल्या घरात या क्षणी जो हम असेल तो एकाच वारंवारतेचा आहे.

ती वारंवारताही तंतोतंत ५० नसते. मागणी वाढली की किंचित उतरते, घटली की चढते. नियमाने तिने ४९.९० ते ५०.०५ मध्ये राहायचं असतं. घरातला हम म्हणजे साऱ्या देशाने त्या घटकेला किती वीज ओढली याचा निरोप. निरोप कितीही मोठ्या घरून आलेला असो, मला तो मालकंसात नको आहे.

०

पेचकस हातात घेण्याआधी कान लावावा.

गोलसर, खोल, पोटात जाणवणारा ५० चा हम बहुधा चुंबकी क्षेत्रातून किंवा अर्थिंगच्या फेऱ्यातून आलेला असतो. धारदार कडा असलेली १०० ची घरघर वीजपुरवठ्याच्या भागातून येते: एसीचं डीसी करताना प्रत्येक आवर्तनाचे दोन्ही अर्धे वापरले जातात, म्हणून आकडा दुप्पट होतो. ती गुळगुळीत करायचं काम मोठ्या कपॅसिटरचं. कपॅसिटर आतून सुकत जातो, उष्ण गावात लवकर सुकतो, आणि वर्षानुवर्षं मुकाट काम केलेला अ‍ॅम्प्लिफायर हळूहळू बोलायला लागतो. चरचर असेल, मधमाश्यांच्या जातीची, तर घरात कुठेतरी वीज तुकड्यांत कापली जाते आहे.

आणि सूंऽऽ असा एकसारखा, सूर नसलेला, वाळू ओतल्यासारखा आवाज. त्याच्याबद्दल पुढे.

कान नेमका लागला की निम्मा शोध बसल्या जागी होतो. बाजारातून महाग केबल आणणारे हा निम्मा भाग वगळतात. मग उरलेला निम्मा त्यांना फार महाग पडतो.

०

व्हॉल्यूम शून्यावर न्यावा. हम तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढचा, अ‍ॅम्प्लिफायरच्या पोटातला. व्हॉल्यूमबरोबर वाढला-घटला तर मागून येतो आहे.

मग मागच्या सगळ्या वायरी काढाव्यात. सगळ्या. अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर एवढेच उरले पाहिजेत. इथे शांतता मिळाली की ती आपली हद्द. आता एक वायर लावावी, ऐकावं. दुसरी लावावी, ऐकावं. ज्या वायरीबरोबर हम परत येईल ती वायर गुन्हेगार नसते, पण गुन्हेगाराच्या घरी जाणारा रस्ता तिच्यातूनच असतो.

एका वेळी एकच बदल. दोन बदल एकत्र केले आणि हम गेला, तर हम गेला. ज्ञान झालं नाही. पुढच्या पावसाळ्यात तो परत येईल तेव्हा आपण पुन्हा पहिल्या पायरीवर असू.

या कामात भर घालून काही मिळत नाही. फिल्टर, कंडिशनर, जाड केबल, सोन्याचा मुलामा दिलेले जॅक ही सगळी भर आहे. वजा करत गेलं की उत्तर उरतं.

०

अर्थिंगचा फेरा कसा पडतो ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे.

अ‍ॅम्प्लिफायरला तीन पिनांचा प्लग, म्हणजे त्याची पेटी अर्थिंगला जोडलेली. डेस्कटॉप कॉम्प्युटरलाही तीन पिनांचा, त्याचीही पेटी अर्थिंगला. दोघे वेगवेगळ्या भिंतींवरच्या बोर्डांत. आता दोघांना जोडणारी आरसीए केबल लावली. तिच्या मधल्या तारेतून गाणं जातं आणि भोवतीच्या जाळीतून गाण्याचा परतीचा रस्ता. पण जाळीने दोन्ही पेट्याही एकमेकींना जोडल्या गेल्या. अर्थिंग भिंतीतून एकदा जोडलेलं होतं, जाळीतून दुसऱ्यांदा जोडलं गेलं. वर्तुळ पुरं झालं.

घरातली कोणतीही दोन अर्थिंग अगदी सारख्या पातळीवर नसतात. वॉशिंग मशीन, फ्रिज, कॉम्प्युटर, प्रत्येकजण थोडा थोडा प्रवाह त्यात सोडत असतो. समजा जाळीतून २० मिलिअँपिअर वाहिले आणि जाळीचा रोध ओहमच्या विसाव्या भागाइतकाच, ०.०५ ओहम, असला. गुणाकार येतो एक मिलिव्होल्ट. सीडी प्लेअरचा भर आवाजातला सिग्नल दोन व्होल्टचा. दोन हजारांत एक. ऐकायला क्षुल्लक वाटतं. पण गाण्यातली सगळ्यात हळू जागा भर आवाजाच्या हजाराव्या भागाइतकीच असू शकते, आणि तिथे हे एक मिलिव्होल्ट गाण्याच्या निम्मं होतं.

कुणाचंही काही बिघडलेलं नाही. अ‍ॅम्प्लिफायर ठीक, कॉम्प्युटर ठीक, केबल ठीक, वायरमनने दोन्ही बोर्डांना अर्थिंग इमानदारीने दिलेलं. दोष त्यांच्या एकत्र येण्यात आहे. दुरुस्तीवाल्याकडे यातली एकेक वस्तू नेली तर ती निर्दोष ठरून घरी परत येते, आणि तो खोटं बोललेला नसतो.

टीव्हीच्या केबलचा फेरा याहून मोठा. तिची जाळी गच्चीवर, जिन्यात, कधी समोरच्या इमारतीत कुठेतरी जमिनीला टेकलेली असते. सेट टॉप बॉक्सच्या पाठीमागची केबल बोटांनी फिरवून काढावी. शेवटचा आटा सुटताक्षणी हम तुटतो, आणि खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटते. ज्याने हे एकदा अनुभवलं त्याला फेरा समजावून सांगावा लागत नाही.

उपाय साधे आहेत. जोडलेली सगळी उपकरणं एकाच बोर्डावर आणावीत, म्हणजे फेऱ्याचा घेर लहान होतो. नाहीच भागलं तर मध्ये एकास एक असा छोटा ट्रान्सफॉर्मर घालावा. गाणं चुंबकातून पलीकडे जातं, तांब्याचा सांधा उरत नाही. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला असले ट्रान्सफॉर्मर मिळतात. टीव्हीला ऑप्टिकल केबलची सोय असेल तर प्रश्नच मिटला. प्रकाशाला अर्थिंग लागत नाही.

०

आणखी एक उपाय सांगितला जातो. प्लगची तिसरी पिन काढून टाका.

हम खरंच जातो. म्हणूनच हा सल्ला टिकून आहे आणि म्हणूनच तो घातक आहे.

आपल्या प्लगवरची अर्थिंगची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब एवढ्यासाठी, की प्लग आत जाताना ती सगळ्यांत आधी टेकावी आणि बाहेर येताना सगळ्यांत शेवटी सुटावी. ज्यांनी हे ठरवलं त्यांना माणसाचा हात डोळ्यांसमोर दिसत होता. आत कुठे फेजची तार सुटून पेटीला लागली तर प्रवाह त्या पिनेतून जातो आणि फ्यूज उडतो किंवा एमसीबी पडते. पिन काढली की पेटी २३० व्होल्टवर वाट पाहत बसते, आणि पहिला स्पर्श करणारं माणूस अर्थिंग होतं. घरात तबकडी बदलायला धावणारी मुलं असतात.

हम गाण्याच्या आड येतो. अर्थिंग जिवाच्या आड येणाऱ्याला अडवतं. यांची अदलाबदल कुठल्याही रागासाठी करू नये.

उलट हम शोधायच्या निमित्ताने अर्थिंग एकदा तपासून घ्यावं. जुन्या वाड्यांत आणि चाळींत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं, त्यामागे तारच नसते. जिथे आहे तिथे खाली कोळसा-मिठाचा खड्डा असेल, तर त्यात उन्हाळ्यात पाणी ओतायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. माती सुकते, रोध वाढतो. मग वैशाखात घराघरांतले हम वाढतात आणि मृगाच्या पावसानंतर काही आपोआप उतरतात. दुरुस्ती कुणी केली असा प्रश्न पडू नये. पावसाने केली.

०

दोन पिनांचे चार्जर वेगळ्या वळणाचे. लॅपटॉपच्या धातूच्या पाठीवरून बोट अलगद फिरवलं की झिणझिण्या येतात ना, ते तेच. चार्जरच्या आत गोंगाट दाबण्यासाठी एक छोटा कपॅसिटर घातलेला असतो. त्यातून केसाएवढा प्रवाह पेटीवर येतो. जायला वाट नसली की तो हातातून जातो, आणि हात नसला की आरसीए केबलमधून अ‍ॅम्प्लिफायरमध्ये. लॅपटॉपला हात लावला की हम बदलत असेल तर चार्जर काढून बॅटरीवर वाजवून पाहावं. उत्तर लगेच मिळतं.

०

पंख्याचा रेग्युलेटर.

टप्प्याटप्प्याने खटखट फिरणारा बहुधा निरुपद्रवी: त्यात कपॅसिटर असतात. बिनटप्प्याचा, गोल, मऊ फिरणारा असेल तर आत ट्रायाक असतो, आणि तो विजेच्या प्रत्येक लाटेचा एक तुकडा कापून टाकतो. सेकंदाला १०० वेळा सरळ कडा. कडा जितकी तीव्र तितका तिचा आवाज दूरवर, रेडिओच्या लहरींपर्यंत पसरतो. पंखा पूर्ण वेगात असताना कापाकापी जवळपास नसते आणि आवाजही नसतो. मध्यावर ठेवला की लाट तिच्या शिखरावर कापली जाते, तिथे सगळ्यात वाईट. म्हणजे उकाड्यात गाणं स्वच्छ आणि डिसेंबरात खराब, हे ज्यांच्या घरी घडतं त्यांनी रेग्युलेटरकडे बघावं.

या जातीचा गोंगाट शोधायला बॅटरीवरचा जुना ट्रान्झिस्टर हे सर्वोत्तम हत्यार आहे. मध्यम लहरींवर दोन स्टेशनांमधल्या रिकाम्या जागी काटा आणावा आणि घरभर हिंडावं. एलईडी दिव्याखाली चरचर वाढते. मोबाइलच्या स्वस्त चार्जरपाशी ती किंचाळते. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरपाशी वेगळी शिट्टी. मग रेडिओ एका जागी ठेवून एकेक एमसीबी पाडावी. जिच्याबरोबर चरचर थांबली त्या खोलीत जावं. सगळ्या पाडल्या तरी चालूच असेल तर ती शेजाऱ्याकडून किंवा रस्त्यावरच्या तारेवरून येते आहे, आणि आपलं घर त्यात पक्षकार नाही.

हे हिंडणं मला आवडतं. रोज राहतो त्या घराचा एक दुसरा नकाशा हातात येतो: भिंतीतल्या तारा कुठून वळल्या, कोणता दिवा बोलका, कोणता कोपरा खरोखर शांत. टर्नटेबल ठेवायचं ते त्या कोपऱ्यात. भिंतीचा रंग पाहून त्याची जागा ठरवू नये.

इन्व्हर्टरचं एका वाक्यात सांगता येईल: वीज गेल्यावर सगळं घर गुरगुरायला लागलं तर तो चौकोनी लाटेचा आहे, आणि त्यावर गाणं ऐकण्यापेक्षा मेणबत्ती लावून गप्पा माराव्यात.

०

तबकडी ऐकणाऱ्यांची परीक्षा सगळ्यात कडक. सुईतून निघणारा सिग्नल पाच मिलिव्होल्टच्या घरातला, सीडीच्या चारशेवा हिस्सा. शिवाय तबकडी कापताना खालचे सूर मुद्दाम लहान केलेले असतात, नाहीतर खाच इतकी रुंद होईल की वीस मिनिटांचा राग मावणार नाही. वाजवताना ते परत मोठे करावे लागतात. १९५४ मध्ये ठरलेल्या आरआयएए वळणाप्रमाणे ५० हर्ट्‌झला मधल्या सुरांच्या सातपट वाढवलं जातं. सात पटींचा तो झरोका खर्जासाठी उघडलेला आहे, आणि हम नेमका त्याच्यासमोर उभा.

म्हणून टर्नटेबलच्या मागून निघणारी ती एक बारीक, एकटी तार, टोकाला चिमटा असलेली, अ‍ॅम्प्लिफायरच्या पाठीवरच्या स्क्रूखाली घट्ट असायला हवी. म्हणून टर्नटेबल अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर ठेवू नये. ट्रान्सफॉर्मरचं चुंबकी क्षेत्र वरही पसरतं, आणि हातभर सरकवलं तरी फरक पडतो. विजेची वायर आणि सिग्नलची वायर शेजारी शेजारी पळवू नयेत. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

यात खर्च शून्य आहे. कदाचित म्हणूनच यावर कुणाचा विश्वास बसत नाही.

०

आता तो सूंऽऽ.

सगळे फेरे तोडले, रेग्युलेटर बदलला, तार घट्ट केली. स्पीकरला कान लावला तर अजूनही बारीक सुसाटा ऐकू येतो. १९२८ मध्ये बेल प्रयोगशाळेतल्या जॉन जॉन्सन यांनी तो मोजून दाखवला आणि हॅरी नायक्विस्ट यांनी त्याचं कारण मांडलं. कोणत्याही रोधात, नुसत्या उष्णतेने, इलेक्ट्रॉनांची हालचाल चालू असते. खोली जितकी उबदार तितका तो जास्त. तो कुठल्या कंपनीचा दोष नाही, वायरमनचा नाही. उत्तम अ‍ॅम्प्लिफायर त्याला कमी करतो, संपवू शकत नाही.

शोध कुठे थांबवायचा हे कळणं हा शोधाचाच भाग आहे. सुसाट्यामागे लागलेली माणसं मी पाहिली आहेत. ती गाणं ऐकायचं विसरून जातात.

०

पण सुसाट्यामागे लागलेल्या दोघा-तिघांनी जगाचं भलंही केलं आहे.

१९३२ च्या सुमारास न्यू जर्सीत कार्ल जान्स्की यांना काम दिलं होतं ते रेडिओ-टेलिफोनमधली खरखर शोधायचं. त्यांनी खरखरीचे तीन गट पाडले: जवळच्या विजांची, दूरच्या विजांची, आणि एक बारीक, सततची, कुठून येते ते न कळणारी. तिसरीची वेळ दर दिवशी चार मिनिटं अलीकडे सरकत होती. २४ तासांनी येणारी गोष्ट सूर्याची किंवा माणसाची; २३ तास ५६ मिनिटांनी येणारी ताऱ्यांची. ती आपल्या आकाशगंगेच्या मध्यातून येत होती. १९६४ मध्ये तिथेच पेन्झियास आणि विल्सन यांना आपल्या अँटेनात असाच एक आवाज सापडला. त्यांनी ती न्यूयॉर्क शहराकडे वळवून पाहिली, आतली कबुतरं हाकलली, त्यांची घाण खरवडली. आवाज हटला नाही. तो विश्वाच्या आरंभाचा उरलेला उबारा होता. १९७८ चं नोबेल त्याला मिळालं.

तिघांचीही पद्धत घरात हम शोधणाऱ्याचीच: जे जे आपलं आहे ते एकेक करून वजा करणं. आकाशाचं म्हणायच्या आधी कबुतरांचं नाही याची खात्री करणं.

नारायणगावजवळ खोडदला आणि त्याच्या आसपासच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण ती हीच. तिथल्या अभियंत्यांना आकाशाबरोबर भोवतालच्या विजेच्या तारांकडेही बघावं लागतं; एखाद्या खांबावरचा सैल खिळा, तडकलेलं इन्सुलेटर, त्यातून उडणारी न दिसणारी ठिणगी, हे सगळं त्यांच्या दुर्बिणीत दीर्घिकेहून मोठ्याने वाजतं. अँटेना हातात घेऊन शेताच्या बांधावरून खांबामागून खांब तपासत जायचं हे काम, आणि घरातलं ट्रान्झिस्टर घेऊन हिंडणं, यांत मला फक्त अंतराचा फरक दिसतो.

०

घरातला हम संपला की एक नवीनच हम ऐकू येतो. तो तबकडीवरचा असतो, टेपवरचा असतो.

ओळखायचा कसा? सुई उचलावी. हम राहिला तर घराचा, गेला तर मुद्रणाचा. मोटरची गुरगुर तेवढी आधी बाजूला काढावी.

जुन्या मैफलींच्या टेपांमध्ये तो सर्रास असतो. मंडपातला माइक, लांबवर टाकलेली वायर, शेजारून गेलेली दिव्यांची माळ. घरात जे निस्तरायला आपण एवढा जीव टाकला तेच तिथे कायमचं कोरलेलं. आता संगणकावर ५०, १००, १५० असे सूर निवडून खोडता येतात, आणि खोडायचा मोह होतो. पण १०० खोडताना ९८ आणि १०४ ओरखडल्याशिवाय राहत नाहीत. खर्ज आणि पंचम तिथेच राहतात.

आणि त्या हमला साक्ष देता येते. रुमानियाचे कॅटालिन ग्रिगोरास यांनी दाखवून दिलं की वीजजाळ्याच्या वारंवारतेचे बारीक चढउतार मुद्रणातल्या हममध्ये जसेच्या तसे उतरतात, आणि जाळ्याची नोंद ठेवलेली असेल तर दोन्ही ताडून मुद्रण कधी झालं, मध्ये कापलं आहे का, हे सांगता येतं. हे न्यायालयासाठी. गाण्यासाठी त्याचा उपयोग याहून मोठा आहे.

टेप नेहमी खऱ्या वेगात वाजते असं नाही. ज्या यंत्रावर ती भरली ते मंद होतं, बॅटरी उतरलेली होती, नकलेची नक्कल झाली. बुवा काळी एकमध्ये गायले आणि आपल्या हातातली टेप त्यांना पांढरी दोनमध्ये गायला लावते. आवाज कोवळा होतो, तान धावते, आणि नव्या पिढीचा विद्यार्थी तीच गायकी समजून गळ्याला ओढ लावतो. खरी पट्टी कोणती हे सांगायला तिथे कुणी उरलेलं नसतं. हम असतो. मुद्रणातला हम ५० ऐवजी ५३ वर दिसला तर टेप सहा टक्के पळते आहे, आणि सहा टक्के म्हणजे जवळजवळ बरोबर अर्धा स्वर. वेग उतरवून हम ५० वर आणला की बुवा आपल्या पट्टीत येतात.

हे माप थोडं सैल आहे हेही सांगायला हवं. गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत आपल्याकडची वारंवारता ४८ ते ५२ मध्ये हिंदकळत असे, त्यामुळे चार टक्क्यांपर्यंतचा फरक हमवरून सिद्ध करू नये. ५३-५४ दिसला तरी सगळी चूक टेपेच्याच माथी मारू नये. त्या वेळी बुवांबरोबर गायलेल्या कुणाची आठवण, पेटीची पट्टी, दुसरी एखादी प्रत, यांच्याशी ताडून घ्यावं. पण काहीच आधार नसताना मिळालेला हा एक आधार आहे, आणि तो साफसफाईत पहिल्या झटक्याला जातो.

विजेचा हा असा उपयोग जुना आहे. टर्नटेबलचा वेग तपासायच्या चकतीवर १८० रेघा असतात: ५० हर्ट्‌झवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, आणि तबकडी बरोबर ३३⅓ ने फिरत असेल तर त्या रेघा थांबल्यासारख्या दिसतात. जो सूर कानाला नको तोच डोळ्याला मोजपट्टी म्हणून चालतो.

तेव्हा जुन्या टेपा संगणकावर उतरवणाऱ्यांना, आणि ते आता घरोघर चाललं आहे, माझी विनंती आहे. आधी घराचा हम पूर्ण काढा, नाहीतर तुमच्या घरचे ५० त्यांच्या मंडपातल्या ५३ वर चढून बसतील आणि दोन्ही वाचता येणार नाहीत. मग टेप आहे तशी, काहीही न खोडता उतरवा आणि ती प्रत वेगळी ठेवा. ऐकायला साफ केलेली दुसरी प्रत खुशाल करा. आणि मूळ प्रतीच्या नोंदीत राग, ताल, साथीदार, गाव लिहिता त्याच्याच खाली लिहा: हम किती हर्ट्‌झवर दिसला, आणि टेपेच्या सुरुवातीला किती, शेवटाला किती.